वहिनी, टाकीचं झाकण कुठं आहे ते विचारलं का?

अहो वहिनी, ऐकलं ते खरं का? भाऊजी या एप्रिलअखेर रिटायर, अन् अक्षयतृतीयेला स्मृतीनगरला गृहप्रवेश? नाही, तुम्ही कुठं सांगितलं! दूधवाल्याकडून कळलं. शेजारणीला दूधवाल्याकडून कळावं, आता काय बोलायचं. असो, इकडे सरका जरा, या मेंदीच्या काड्या टोचतात.

मुहूर्त चांगलाच आहे हो. इथली छत्तीसगढी मंडळीही अक्तीचा, म्हणजे अक्षयतृतीयेचाच, दिवस मोठा मानतात. पण मला सांगा, स्मृतीनगरच्या त्या घरात तुमच्यापैकी कोणी एक तरी पावसाळा काढलाय का? भाडेकरू होता म्हणता. भाडेकरू कशाला सांगतो छत गळतं म्हणून! तो खाली बादली ठेवतो अन् करार संपला की निघून जातो. अन् एप्रिलात काय, भिलाईतली सगळीच घरं कोरडी ठणठणीत. म्हणून सांगते, सामान हलवायच्या आधी गच्चीवरच्या पाइपांच्या तोंडात गोणपाट कोंबा, दोन इंच पाणी भरा अन् दोन दिवस तसंच राहू द्या. मग खाली प्रत्येक खोलीत छताकडे पाहत फिरा. ओल दिसली तर पेन्सिलनं तिथंच गोल करून ठेवा, नाहीतर मिस्त्री येईपर्यंत ती वाळते अन् तो म्हणतो, "कहाँ है दीदी?" पॅरापेटची भिंत अन् स्लॅब जिथं मिळतात ना, तिथला सिमेंटचा गोला नीट पाहा. मिस्त्री सगळ्या गच्चीला वॉटरप्रूफिंगचे डबे फासायला निघतो, अन् पाणी शिरत असतं त्या गोल्यातल्या भेगेतून. आधी भेग, मग डबा.

आपलं कसं झालं माहीत आहे का, आपण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या सेक्टरमध्ये फार लाडात राहिलो. माझे सासरे नागपूरहून आले तेव्हा पहिली ब्लास्ट फर्नेस नुकतीच सुरू झाली होती, 1959 साली, राजेंद्रप्रसादांच्या हातून. तेव्हापासून नळ गळला की मेंटेनन्सला कळवा, गटार तुंबलं की मेंटेनन्सला कळवा. माणूस चार दिवसांनी येवो, आपण त्याला शिव्या घालो, पण येणार तोच. वीज कंपनीची, पाणी कंपनीचं. मलाही काही कळत नव्हतं. पुढे लीजची टूम निघाली, आम्ही हे क्वार्टर 33 वर्षांच्या लीजवर घेतलं, अन् आतली दुरुस्ती आमच्या गळ्यात आली. तेव्हा कुठं मला कळलं की घराला मेन व्हॉल्व्ह नावाची वस्तू असते!

नव्या घरातला तो व्हॉल्व्ह कुठं आहे ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या. अन् त्याहून महत्त्वाचं, सेप्टिक टँकचं झाकण. हसू नका. हुडको कॉलनीत माझी मावसबहीण आहे. घर घेतलं, अंगणात मस्त टाइल्स बसवल्या, चकाचक. दीड-दोन वर्षांनी संडासातून पाणी उलटं यायला लागलं. टँकर आला, नळी घेऊन माणूस उभा, अन् झाकण कुठं? कोणालाच ठाऊक नाही. जुन्या मालकाला फोन लावला तर तो म्हणाला, "तुळशीच्या आसपास असेल." तुळस तर तिनं केव्हाच दुसरीकडे हलवलेली! सात टाइल्स फोडल्या तेव्हा सापडलं बाई. तर आधी विचारून घ्या, अन् दर दोन-तीन वर्षांनी टँकरनं उपसून घ्या. संडासात अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतू नका, त्यानं आतले जंतू मरतात अन् टाकी लवकर भरते. अन् कोणी म्हणालं ना, "माणूस उतरवतो, स्वस्तात होईल", तर त्याला फाटकातूनच परत पाठवा. 2013 पासून कायद्यानं बंदी आहे, अन् कायदा नसता तरी आतल्या वायूनं माणूस क्षणात जातो. आपल्या अंगणात असलं पाप नको.

भेगांचं म्हणता? सगळ्याच भेगांना घाबरायचं नसतं. दुर्गच्या या पट्ट्यात कन्हार माती पुष्कळ. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीचीच बहीण समजा, पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, अन् वरची भिंत तिच्यासोबत डोलते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या होळीपर्यंत टोक तिथंच असलं तर पुट्टी भरा अन् रंगवा. पुढे सरकलं, किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपं वर चढायला लागलं, तर मिस्त्री नको, इंजिनिअर बोलवा. ह्यांचं म्हणणं, पैसे कशाला घालवायचे. ह्यांचं सगळ्यालाच तेच म्हणणं असतं.

अन् कूलर! तुमचा तो लोखंडी कूलर नेताय ना? न्या, पण त्या घराचं अर्थिंग तपासल्याशिवाय लावू नका. ओली फरशी, अनवाणी पाय अन् लोखंडी पत्रा. दर उन्हाळ्यात पेपरात एक तरी बातमी असतेच. बोर्डावर ईएलसीबी बसवून घ्या अन् महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून पाहा. खटका पडला नाही तर ते नुसतं शोभेचं. पाणी भरताना प्लग काढायचा, हे तुम्हाला नाही, भाऊजींना सांगा.

कूलरवरून आठवलं, 2018 चा डेंग्यू विसरलात का? केवढी माणसं गेली भिलाईत. खुर्सीपारकडून रोज काही ना काही कानावर यायचं. तो डास स्वच्छ पाण्यातच वाढतो, अन् अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून कूलर आठवड्याला रिकामा करायचा, अन् नुसता उलटा करून भागत नाही, आतून घासायचा. अंडी पत्र्याला चिकटून बसतात अन् कोरडी राहूनही कितीतरी महिने टिकतात. वरच्या पाण्याच्या टाकीलाही घट्ट झाकण हवं. वाऱ्यानं उडालेलं झाकण कितीतरी घरांच्या गच्चीवर बाजूलाच पडलेलं दिसतं. कोणाच्या ते नाही सांगत.

आता कामाचं ऐका. क्वार्टर मुदतीत सोडा. "राहू या अजून, कोण विचारतं" म्हणणारे पुष्कळ भेटतील. ते मागच्या लाइनीतले नाही का तसेच अडकून पडले! आपल्या कंपनीच्या, सेलच्याच एका खटल्यात 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, मुदतीपुढे राहिलात तर दंडाचं भाडं ग्रॅच्युइटीतून कापता येतं. नो ड्यूजसाठी भाऊजींना आत्तापासून चकरा मारायला लावा. नव्या घराचं मीटर तुमच्या नावावर आहे का पाहा, निगमच्या टॅक्सची मागची पावती मागा, अन् सेक्टर नऊच्या हॉस्पिटलच्या अन् मेडिक्लेमच्या कागदांवर नवा पत्ता चढवा. हे राहून जातं अन् नेमकं दुखण्याच्या वेळी आठवतं. सामानाला मोठा ट्रक करू नका. पॉवर हाउसवरून छोटा हाथी टेम्पो सांगा, दोन फेऱ्यांत होईल. पहिल्या फेरीत देव, गॅस अन् पंखे. पंखे आधी लागले तर माणसं भांडत नाहीत.

निघायच्या आधी यादी करा, कंपनीचं काय, आपलं काय. मागची पत्र्याची शेड तुम्ही घातली, ती काढायची की ठेवायची ते लिहून घ्या. दिवे, सिंक, ती लोखंडी मांडणी, एकेक पाहून लिहा. अन् वहिनी, राग नका मानू, पण पेरूच्या झाडाला टेकवलेली ती शिडी आमची आहे हो. गेल्या दिवाळीत रंग द्यायला नेली होती.

काय म्हणता? भाऊजी म्हणतात त्यांची आहे? बोलवा त्यांना इकडे.