सहकुटुंब नौकाविहार : यजमानांसाठी शास्त्रोक्त विधी

भाड्याची शिडाची बोट घेऊन सहकुटुंब बेटं हिंडण्याचं व्रत ज्यांना करायचं आहे, त्यांनी क्षेत्र म्हणून कॅरिबियन समुद्रातली ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स निवडावीत. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या आणि मुलांच्या सुट्टीत ‘काहीतरी वेगळं’ करू पाहणाऱ्या मराठी मंडळींना ती फार लांबही नाहीत. सर फ्रान्सिस ड्रेक चॅनेलच्या एका अंगाला टोर्टोला, दुसऱ्या अंगाला नॉर्मन, पीटर, सॉल्ट, कूपर अशी ओळीने बेटं आणि पूर्वेच्या टोकाला व्हर्जिन गोर्डा. या सगळ्यांना ओलांडून आत येईपर्यंत अटलांटिकच्या लाटा दमून गेलेल्या असतात. वारा पूर्वेकडून येतो, बहुतेक दिवस पंधरा ते वीस नॉट. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. पुढचं बेट डोळ्यांना दिसत असतं, म्हणून होकायंत्र मुलांना खेळायला दिलं तरी चालतं. थोडक्यात, मुहूर्त पाळला तर निसर्गाने इथे वादळाची सोय ठेवलेली नाही. ती घरच्यांनाच करावी लागते.

मुहूर्त डिसेंबर ते एप्रिल. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. तेव्हा बोटी स्वस्तात मिळतात आणि प्रत्येक कुटुंबात एक मेव्हणा असा असतोच, जो ते शोधून काढतो. त्याच्याशी वाद घालू नये. ६ सप्टेंबर २०१७ च्या इर्मा वादळानंतरचे टोर्टोलाचे फोटो शांतपणे त्याच्या फोनवर पाठवावेत. एकावर एक पडलेल्या बोटी बघून तोही काही काळ गप्प बसतो.

बोट देणारी कंपनी यजमानांचा अनुभव विचारते. लहानपणी दाभोळच्या खाडीत तरीने पलीकडे गेलो होतो, हा अनुभव धरत नाहीत. अनुभव कमी भरला तर कंपनी आपला तांडेल बरोबर देते. हा उत्तम मार्ग आहे, म्हणूनच कोणी तो पत्करत नाही. यजमान चार दिवसांचा कोर्स करतात आणि पांढरी टोपी विकत घेतात. मुंबईत शिडाची बोट हाकायला शिकलेला धाकटा भाऊ बरोबर असेल, तर त्याला आधीच बजावावं : भारतात बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, इथे उजव्या. दोघांचंही बरोबर असल्यामुळे हा वाद खडकावर आपटेपर्यंत चालू शकतो.

साहित्यात लाडू, चकल्या, मेतकूट हवंच. चालू बोटीत पुऱ्या तळू नयेत. (हे वेगळं सांगावं लागतं.) संडासाच्या पाइपात कागद टाकायला सक्त मनाई असते, कारण तो बारीक पाइप तुंबला की उपसण्याचं काम यजमानांकडेच येतं. इथे आजींचा तांब्या, ज्याला घरातली नवी पिढी वर्षानुवर्षं हसत आली, एकाएकी आधुनिक ठरतो. त्यात मात्र समुद्राचं पाणी भरावं. टाकीतलं गोडं पाणी आठवडाभर पुरवायचं असतं आणि अमेरिकेत वाढलेल्या मुलांना पाणीकपात म्हणजे काय ते ठाऊक नसतं.

आता मुख्य विधी, नांगर. नॉर्मन आयलंडचा बाइट हा तीन बाजूंनी डोंगरांनी धरलेला सुरेख आसरा आहे. तिथे दुपारी लवकर पोहोचावं, कारण उशिरा येणाऱ्याला बांधायला बोया उरत नाही आणि आधी आलेल्या बोटींवरची माणसं हातात ग्लास घेऊन तयार बसलेली असतात. त्या संध्याकाळचा करमणुकीचा कार्यक्रम तुम्हीच. गणित सोपं आहे : पाण्याची खोली पाच मीटर, बोटीच्या नाकाची पाण्यापासून उंची एक मीटर, बेरीज सहा, तिच्या सातपट म्हणजे बेचाळीस मीटर साखळी. वीस मीटर सोडून ‘पुरे झाली की’ म्हणणारा माणूस मध्यरात्री शेजाऱ्याच्या बोटीवर जाऊन टेकतो.

परंपरेने यजमान मागे सुकाणूवर आणि पत्नी पुढे नांगरापाशी. नांगर टाकताना बोटीचं तोंड वाऱ्याकडे असतं. म्हणजे पुढून पत्नी बोलेल ते सगळं मागे ऐकू येतं. मागून यजमान ओरडतील त्यातलं एक अक्षर पुढे पोहोचत नाही. तेव्हा जागा बदलाव्यात. साखळी विजेच्या बटणावर सुटते, त्यामुळे ताकदीची सबब चालत नाही. हातवारे आधीच ठरवून घ्यावेत आणि सासूबाईंनी हात हलवला तर तो संकेत नसून त्या शेजारच्या बोटीला नमस्कार करताहेत, हे सुकाणूवरच्या व्यक्तीने लक्षात ठेवावं. शेवटी इंजिन उलटं चालवून नांगर वाळूत रुतवावा आणि पोराला गॉगल लावून पाण्यात पाठवावं. पाणी इतकं नितळ असतं की तळ स्वच्छ दिसतो. नांगर आडवा पडला असेल तर ते तो सगळ्या खाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगेल.

एवढ्यावर ज्यांना नांगराचं माहात्म्य पटत नाही त्यांनी ऱ्होन बोटीची कथा ऐकावी. ऑक्टोबर १८६७ मध्ये ही ब्रिटिश टपालबोट पीटर आयलंडपाशी नांगरलेली होती. वादळाच्या मध्ये जरा उसंत मिळाली म्हणून कप्तान नांगर उचलू लागला, तर तो साखळीसकट गेला. बोट मोकळ्या समुद्राकडे धावली आणि सॉल्ट आयलंडच्या खडकावर फुटली. शंभराहून अधिक माणसं दगावली. तिच्या सांगाड्यावर आता लोक डायव्हिंग करतात.

अनेगाडाला जाण्याचा हट्ट कोणी धरलाच, तर जाणकार माणूस बरोबर हवा. बाकीची बेटं डोंगराळ. हे पोवळ्याचं, सपाट, जेमतेम आठ-साडेआठ मीटर उंच. आधी झाडांचे शेंडे दिसतात आणि त्याच्या अलीकडे हॉर्सशू रीफ असतो, ज्याने आजवर शेकडो जहाजं गिळली आहेत.

उद्यापन योस्ट व्हॅन डाइकच्या व्हाइट बेमध्ये करावं. तिथल्या सॉगी डॉलर बारला धक्का नाही. पोहत जायचं आणि भिजलेल्या नोटांनी पैसे द्यायचे. तिथे ‘पेनकिलर’ मागितल्यावर गोळी मिळत नाही. रम, अननसाचा आणि संत्र्याचा रस, नारळाचं दाट दूध, वर किसलेलं जायफळ. आजींच्या गुडघ्यांसाठी म्हणून नातवाने भाबडेपणाने एक आणून दिलाच, तर त्यांना जायफळाचा वास ओळखीचा वाटेल. दुसरा मागितला तर द्यावा. परतीची छोटी होडी मात्र त्यांच्या हाती देऊ नये.