जुना ग्राहक, जुना दर

रिझर्व्ह बँकेने 2025 मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला. बातमी कर्जदाराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच पोचली, हप्त्यापर्यंत मात्र नाही. कारण त्याचे गृहकर्ज 2019 च्या आधीचे, एमसीएलआर या बँकेने स्वतः ठरवायच्या दराच्या जमान्यातले. तो दर खाली येताना रमतगमत येतो. वर चढताना मात्र त्याचे गुडघे कधी दुखलेले आठवत नाहीत.

त्याच शाखेत, त्याच टेबलावर नव्या ग्राहकाला स्वस्त दर. वर्षानुवर्षे इमानेइतबारे हप्ते भरणाऱ्याला कॅलेंडर, तेही यंदा छोटे.

मग कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायची टूम निघते. तीस लाख, पंधरा वर्षे, नऊऐवजी साडेआठ टक्के: हप्ता महिन्याला सुमारे 886 रुपयांनी घटतो. घरात पेढे! पेढे संपेपर्यंत प्रोसेसिंग फी, वकिलाचा सर्च रिपोर्ट, घराचे मूल्यांकन आणि गहाणावरचे मुद्रांक शुल्क रांगेत उभे राहतात. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना 2012 पासून घेता येत नाही. म्हणून बँक दंड घेत नाही, वेळ घेते. फेडीचे स्टेटमेंट मागा, संबंधित साहेब नेमके रजेवर.

मात्र ते स्टेटमेंट मागितल्यावरच आपल्याला पहिल्यांदा खुर्ची मिळते, हेही खरे. तेव्हा दुसरीकडे पळण्याआधी आपल्याच बँकेत दर कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. किरकोळ शुल्कात ती सोय बहुतेक ठिकाणी असते. विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.