बॉयलरचे आप्पा

आमच्या गल्लीत कुणाला ताप भरला की डॉक्टरांच्या आधी आप्पा हजर. कापडी पिशवीत गावठी कोंबडीचे तुकडे, हाडांसकट. आजाऱ्याच्या खोलीत ते दारातूनच डोकावतात, "पडून ऱ्हा निवांत" म्हणतात आणि थेट स्वयंपाकघरात शिरतात. तिथं पहिला प्रश्न घरच्या बाईला, "वैनी, कुकर किती लिटरचा?" ताप किती आहे, हे त्यांनी आजवर कुणाला विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आप्पा साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते, तेही फर्स्ट क्लास. ते सर्टिफिकेट फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं आहे, देवांपेक्षा दोन बोटं वरच. रिटायर झाल्यावर कोल्हापूरची माणसं भजनात रमतात, तालमीच्या कट्ट्यावर रमतात, नाहीतर भावकीच्या बांधात. आप्पांना वाफेशिवाय करमेना, आणि घरात वाफेची जागा एकच. १९२३च्या बॉयलर कायद्यानं २२.७५ लिटरपेक्षा जास्त मावणाऱ्या भांड्यालाच बॉयलर मानलं. त्यामुळे पाच लिटरच्या कुकरकडे कुणी इन्स्पेक्टर फिरकत नाही, ही सरकारची हयगय आहे असं आप्पांचं मत. ती ते स्वतः भरून काढतात.

तपासणी बघण्यासारखी असते. झाकणाचं रबर काढून दोन बोटांत ताणायचं, "ताठलंय" म्हणायचं. मग खिशातून स्टोव्हची पिन निघते. शिट्टी उपसून त्या नळीत ती पिन वरखाली फिरवायची, मग झाकण बल्बसमोर धरून, एक डोळा मिटून आरपार बघायचं. नळीतून उजेडाचा ठिपका दिसला की "पास." तोवर आतून आजारी माणूस दोनदा पाणी मागून गप्प झालेला असतो.

मग अग्निप्रदीपन. (गॅस पेटवण्याला आप्पा दुसरा शब्द वापरत नाहीत. कारखान्यात गळीत हंगामाआधी बॉयलरला अग्नी देतात, चेअरमन सपत्नीक पूजेला बसतात, पेपरात फोटो येतो. इथं चेअरमन नाहीत, एवढाच फरक.) चमचाभर तेलावर कांदा, ठेचलेलं आलं-लसूण, चार मिरी, हळद. तुकडे पांढुरके होईतो परतायचे, मीठ घालायचं, वर गरम पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. कोंबडीचे पाय भाजून, सोलून आत टाकल्याशिवाय ते झाकण लावत नाहीत, कारण चिकटपणा सगळा तिथं असतो. तो रस्सा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी थलथलीत गोठतो. हाडाकातड्यातलं जिलेटिन ते. आप्पा वाटी वाकडी करून सगळ्यांना दाखवतात, "बघा, सांडतंय का?"

कुणीतरी न राहवून विचारतंच, "किती शिट्ट्या करायच्या, आप्पा?"

"वैनी, शिट्टी म्हंजे बाहेर पळालेली वाफ! आमच्याकडं सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला की चीफ इंजिनिअर आई-बा काढायचा. आन् तुमी मोजत बसताय!"

यात आप्पांचं शंभर टक्के खरं आहे, हे मला नाइलाजानं सांगावं लागतं. पूर्ण दाब आला की आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि तिथंच थांबतं. मग जाळ कितीही मोठा ठेवा, कोंबडी काही लवकर शिजत नाही, नुसता गॅस जातो. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची आणि घड्याळ बघायचं. ब्रॉयलरला दहा मिनिटं पुरतात, गावठीला अर्धा तास लागतो. आमच्या घरी मात्र अजून शिट्ट्याच मोजतात, आणि मोजताना फोन आला की पुन्हा एकपासून.

अर्ध्या तासानं गॅस बंद होतो, पण झाकण उघडत नाही. दाब आपला आपण उतरला पाहिजे. घाई करून शिट्टी उचलली तर निम्मा रस्सा छताला. "भूक लागलीया," असा क्षीण आवाज आतून येतो. आप्पा हात वर करतात, "लाईनीत अजून प्रेशर हाय."

वरच्या मजल्यावरच्या जोशांसाठी ते मुगाचं पाणी करून देतात, पण मनापासून नाही. "त्यात जीव नसतो," म्हणतात. जोशांच्या मते तीच तर सोय.

एकदा मी त्यांना सांगितलं की, १६७९ साली देनी पापाँ या फ्रेंच माणसानं लंडनमध्ये पहिला कुकर केला तो हाडं मऊ करायलाच, आणि तो फुटू नये म्हणून सेफ्टी व्हॉल्व्हही त्यानंच बसवला. आप्पांनी क्षणभर डोळे मिटले, खात्यातला जुना साहेब भेटावा तसे. त्या भरात मी पुढं गेलो. अमेरिकेत नेब्रास्काच्या डॉक्टरांनी चिकन सूप प्रयोगशाळेत तपासलं, २०००मध्ये निबंध छापला, सर्दीत नाक-घसा सुजवणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्यानं मंदावते असं त्यांना दिसलं. अर्थात काचेच्या भांड्यात, माणसात नव्हे.

"सूप केलं कशात? कुकरात?"

"पातेल्यात."

"मग त्यात काय अर्थ हाय?"

यंदा दिवाळीला मुलानं पुण्याहून विजेचा कुकर आणला. शिट्टी नाही, जाळ नाही, बटण दाबा आणि विसरा. वाया जाणाऱ्या वाफेवर इतकं बोललेला माणूस खूश व्हायला हवा होता. आप्पांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, स्टूल ओढलं आणि कारखान्यातल्यासारखी लॉगबुकची वही उघडली. ६.१०, हिरवा दिवा. ६.२०, हिरवा दिवा. ६.३०ला त्यांना बाथरूमला जायचं होतं. त्यांनी काकूंना हाक मारली.

"चार्ज घे."

"अवो, ते आपलं आपण बंद हुतंय की!"

"रिलिव्हर आल्याबिगर जागा सोडता येत न्हाई."

काकू हात पुसत आल्या, स्टुलावर बसल्या. आप्पा परत येईतो यंत्र बंद होऊन, दाब उतरून झाकण उघडलेलंही होतं. वहीत वेळ होती, खाली सही होती आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं, "मीठ कमी."