चांदीचे रुपये जमवण्याची शास्त्रोक्त पद्धत

जुने चांदीचे रुपये जमवू इच्छिणाऱ्याने प्रथम लग्न करावे. नाणे कितीला घेतले हे कुणाला तरी खोटे सांगावे लागते आणि त्यासाठी घरात हक्काचे माणूस लागते.

नियम दुसरा: एकच टांकसाळ धरावी. आमच्या ह्यांनी सुरत धरली, कारण आम्ही कामरेजला राहतो आणि चार रस्त्यावरून वाहन मिळाले की चौक बाजार फार लांब नाही. महाराजांनी 1664 आणि 1670 अशा दोन खेपांत सुरतेहून जे नेले, ते हे एकेक करून परत आणताहेत. बादशाही रुपयावरची फारसी वाचायला हे पासष्टीत शिकले. ‘सुरत’ एवढी अक्षरे आता मीही ओळखते. नूरजहानच्या नावाचाही सुरतेचा रुपया आहे, पण तो आम्हाला परवडत नाही. तिचे नाव नवऱ्याच्या राज्यात नाण्यावर आले. माझे अजून गॅसच्या पुस्तकावरही आलेले नाही.

तिसरा नियम सुधारणेचा, म्हणजे साधे काढून सरस ठेवण्याचा. हातोड्याच्या घावाने पाडलेल्या या नाण्यांत ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे गावाचे नाव पुष्कळदा कडेबाहेर पडते. ते पुरते उमटलेला रुपया मिळाला की तो घ्यावा आणि जुना विकून पैसे वळते करावेत. आमच्याकडे या नियमाचा पहिला अर्धा भाग काटेकोर पाळतात. जुना विकायचा नाही, कारण तो पहिला. दुसरा नाही, कारण त्यावर सन स्वच्छ आहे. तिसऱ्याला सराफांनी पारखताना मारलेली बारीक टोचणी आहेत. त्याने किंमत उतरते, पण “बिचारा किती हातांतून गेला असेल” म्हणून तोही राहतो. बिचाऱ्यांची संख्या आता सतरा आहे.

कंपनीच्या रुपयावर मात्र माझा जीव आहे. पाडला मुंबईत, वर लिहिले सुरत. आणि शाह आलम 1806 साली वारला तरी त्याच्या राज्याचे 46वे वर्ष पुढे कित्येक वर्षे तसेच छापत राहिले. वधूवर मंडळाच्या वहीत आमच्या नणंदेचे वय असेच थांबले होते.

चौथा: वजन करावे. शेजारी हिऱ्याच्या कारखान्यात आहेत, त्यांच्या काट्यावर चांगला मोगली रुपया सत्तावन्न कॅरेटच्या आसपास, म्हणजे साडेअकरा ग्रॅमला जरा कमी भरतो. त्यांच्याच आयग्लासमधून कड बघावी. शिवण दिसली, अंगावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली, तर माल ओतीव. वरच्या बाजूला चांदी वितळल्यासारखी वाटली तर माळेची कडी काढून डाग घासलेला आहे. आणि दगडावर टाकून वाजवावा म्हणतात तो खणखणीत आवाज दुकानात पंख्याखाली कुणालाही ऐकू येत नाही.

पाचवा: मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नये. हिरवट चिकटा येतो.

सहावा: नाणे धुऊ नये. लिंबू नाही, चिंच नाही, राख नाही. काळपट छटा शंभर वर्षांत चढते आणि तिच्यामुळेच भाव येतो. हा नियम ह्यांनी मला लग्नानंतर एकतीस वर्षांनी सांगितला, म्हणजे एक लक्ष्मीपूजन उशिरा. तोवर मी सासूबाईंच्या डब्यातला सयाजीराव गायकवाडांचा रुपया रांगोळीने घासून पाटावर ठेवला होता. पागोटे घातलेले महाराज, मागे तलवार, नाव स्वच्छ देवनागरीत. आपला कामरेज तालुका तेव्हा बडोदे संस्थानातच, नवसारी प्रांतात. सासऱ्यांच्या आजोबांचा पगार याच रुपयांत व्हायचा म्हणे. हे काही बोलले नाहीत. पाटासमोर बसले, हळदकुंकू वाहिले आणि नुसते म्हणाले, “अगं, तलवारीची मूठ होती गं इथे.”

पुढच्या वर्षी ह्यांनी त्याच छापाचा दुसरा आणला, मूठ शाबूत असलेला. किंमत मला खोटीच सांगितली. नियमाप्रमाणे जुना विकायला हवा होता. तो पूजेच्या डब्यात परत गेला, आणि दोघांत तोच जास्त चमकतो.