फाईट कधी शिकवणार?

मे महिन्यात गंगाखेडला ऊन सकाळीच अंगावर येतं. त्यात जाड सुती पांढरा ड्रेस चढवून, कमरेला पट्टा आवळून अनवाणी उभं राहायचं. तरी उन्हाळी कराटे क्लासला गर्दी असते. पालकांचा हिशेब सरळ असतो : पोरगं दोन-चार जणांना लोळवून घरी आलं की फी वसूल.

आमचा भाचा आधी शिकला ते वाकणं. मैदानात शिरताना, सरांपुढं, जोडीदारापुढं आणि निघताना पुन्हा. दाजींना ते काही पटेना. "वाकायला तर वारीत बी शिकवतेत, तेही फुकट. फाईट कधी शिकवणार?"

यात बिचाऱ्या सरांचा काय दोष? ही सगळी करणी गिचिन फुनाकोशींची. ओकिनावा बेटावरचे हे गृहस्थ पेशानं शाळामास्तर. 1922 मध्ये त्यांनी टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि पुढं शिष्यांसाठी वीस सूत्रं घालून दिली. पहिलं सूत्र, कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्कारानं. दुसरं, कराटेत पहिला वार नाही. मास्तरच ते, आधी शिस्त लावणार! म्हणून नवशिक्याचा पहिला काता, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम, तोसुद्धा बचावानंच सुरू होतो. डावीकडं वळायचं, डावी मूठ उजव्या कानापासून खाली झटकत न्यायची, येणारी लाथ बाजूला सारायची आणि मूठ गुडघ्याच्या वर वीतभर थांबवायची. ठोसा त्यानंतर.

हे ऐकून दाजी म्हणाले, "म्हणजे आधी समोरच्यानं मारायचं? मग फी बी त्याच्याच बापाला भरू द्या की!"

पुढं पोरांच्या हातात झाडू आला, तेव्हा तर दाजी क्लास बंदच करायला निघाले. जपानात सरावाची जागा शिष्यांनीच झाडायची, पुसायची असते. तोही शिक्षणाचाच भाग. आता हे गंगाखेडकराला जपान्यानं सांगावं? जनाबाईचं हे गाव. नामदेवांच्या घरची झाडलोट, दळण-कांडण हीच तिची साधना, आणि तिच्या जात्याला हात लावायला विठोबा यायचा अशी आपली श्रद्धा. दाजी तिच्या देवळात रोज हात जोडतात. घरात मात्र त्यांनी आजवर केरसुणीला हात लावलेला नाही.

मारायला माणूस शिकतोच, त्याला क्लास लागत नाही. उगारलेला हात आवरायला मात्र वर्षं जातात, आणि फी घ्यावी ती त्याचीच. तेव्हा पालकहो, लेकराचं नाव घालायला जाल तेव्हा फाईटची चौकशी करू नका. झाडू क्लासचा की घरून आणायचा, तेवढं विचारून घ्या.