कुडाच्या भिंतीचा अडाणीपणा

चारोटी नाक्याला महामार्ग सोडून आतल्या पाड्यांकडे वळलं की अजून काही कुडाची घरं दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या रोवायच्या, बांधायच्या, वर शेणामातीचं लिंपण. लिंपण वाळलं की तडकतं, कुठेकुठे सुटतं आणि काठ्यांमधून उजेड आत येतो. भिंत आणि छप्पर यांच्यामध्येही जागा राहतेच. शिकल्यासवरल्या माणसांच्या लेखी हा निव्वळ अडाणीपणा. मला विचाराल तर हा अडाणीपणा डोक्यावर घेऊन नाचावा असा आहे, कारण त्या घरात चूल पेटते.

एक किलो वाळलेलं लाकूड पुरतं जळायला साधारण सहा किलो हवा लागते, म्हणजे निदान पाच घनमीटर. प्रत्यक्षातली चूल त्याहून कितीतरी जास्त ओढते. ही हवा कुठून तरी आत यायलाच हवी. कुडाच्या घरात ती न बोलावता येते: गार हवा खालच्या फटींतून आत, तापलेला धूर वर चढून छपराखालून बाहेर. चुलीपाशी बसणारी बाई हे सगळं हातानं जाणते. ती लाकडं कोंबत नाही; टोकं तेवढी आत सारते, दोन लाकडांत बोटभर जागा ठेवते. राख साठली की ओढून काढते. जाळ धुमसायला लागला की आधी लाकूड मागे घेते, मग फुंकणी उचलते.

थंड देशांतल्या शहाण्यांनी उष्णता राखायला घरं घट्ट बंद केली. मग भिंतीत बसवलेल्या लाकडाच्या शेगडीला हवा पुरेना. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू केला की धुराड्यातला धूर उलटा खोलीत यायला लागला, कारण पंखाही हवा तिथूनच खेचायचा. उपाय काय निघाला? भिंतीला भोक पाडायचं आणि चारेक इंची नळीनं बाहेरची हवा थेट शेगडीच्या पोटात सोडायची. म्हणजे कुडाची भिंत फुकट करते तेच. त्यांचं तरी बरोबर आहे. बाहेर बर्फ असताना फटी बुजवाव्याच लागतात आणि त्यांनी निदान नळी बसवली. आपण घट्ट घर उचललं, नळी मात्र विसरलो.

प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाला 2016 पासून किमान 25 चौरस मीटर जागा ठरवलेली आहे, तीत स्वयंपाकाची स्वच्छ जागाही धरलेली. पक्कं घर हवंच. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली लेकरं घेऊन बसलेल्या माणसाला कुडाचं कौतुक ऐकवण्याचा हक्क कोणालाच नाही. त्याच वर्षी उज्ज्वला योजनेचा गॅसही आला. पण सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले की रानातली मोळी येते आणि चूल त्या पक्क्या घरात पेटते. भिंती गिलावा केलेल्या, वर स्लॅब, एकुलती खिडकी पावसामुळे लावलेली. आता हवा कुठून यायची?

कुडाच्या घरातही धुरानं डोळे चुरचुरतात, छाती भरते. फटी धुराचं विष काढून घेत नाहीत. पण बंद खोलीत हवा कमी पडली की लाकूड अर्धवट जळतं आणि कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला डोकं दुखल्यासारखं वाटतं, झोप येते आणि कधी ती झोप मोडतच नाही.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. याच कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून तांदळाच्या पिठानं काढलेली वारली चित्रं जगभर गेली. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. भिंतीवरचं चित्र आपण दिवाणखान्यात टांगलं, भिंतीचं शहाणपण मात्र मागास म्हणून पाड्यावर सोडून दिलं. घरकुलाचा नकाशा काढताना त्या घरात राहिलेल्या बाईला चूल कुठे, झरोका कुठे, असं विचारायला किती वेळ लागला असता?

तेव्हा घरकुल बांधणाऱ्यांनो, ग्रामसेवकांनो, गवंडीदादांनो, चूल पेटणार हे धरूनच बांधा. चुलीच्या तोंडाजवळ भिंतीत खाली एक जाळीचं भोक ठेवा, समोरच्या भिंतीत छताखाली दुसरं. आणि ती दोन्ही कोणालाही बुजवू देऊ नका.