आमचूरवालीची पोर घरीच बसली म्हणे!

“ऐकलं का ताई? खालच्या गल्लीतल्या आमचूरवालीची पोर दिवाळीपासून शाळेत गेलीच नाही!”

आक्कांनी कुंपणावरचं गोणपाट बाजूला सारलं आणि कोपर टेकलं. त्यांचं कोपर टेकलं की आपली अर्धी दुपार गेली समजायची.

“का हो? लग्न ठरलं की काय?”

“मलाही तेच वाटलं. नववीतली पोर घरी बसली की आपल्या मोलगीत दुसरं काय असतं? एक तर लग्न, नाहीतर मायबापाबरोबर गुजरातेत ऊसतोडीला. पण नाही! म्हणे घरीच शिकणार. आपलं आपण. मास्तर नाही, घंटा नाही, हजेरी नाही. मायला विचारलं, तर ती म्हणते, हॉस्टेलात होती तेव्हा रडायची, आता रडत नाही, मला एवढंच कळतं.”

“वय काय तिचं?”

“काठीच्या होळीला पंधरावं लागलं.”

“मग कायदा तिच्या आड येत नाही,” मी म्हटलं. माझा भाऊ नाशिकला पोरांचे परीक्षेचे अर्ज भरून देतो, त्यामुळे हे सगळं मला उगाच पाठ आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि तो सहा ते चौदा वर्षांच्या पोरांसाठी. पुढे दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. चौदा वर्षं पूर्ण आणि निदान पाचवी पास हवी. आपलं सगळं नाशिक बोर्डात. शिवाय नोएडाचं राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, १९८९ पासूनचं. तिथे पाचच विषय घेऊन दहावी होते आणि एका दमात सगळे विषय द्यायचीही सक्ती नाही. एकदा नाव घातलं की पाच वर्षं मुदत.

“पाच वर्षं!” आक्कांनी हात जोडले. “पाच वर्षांत पोरीला दोन लेकरं होतात इकडे.”

आक्कांचं असं आहे. बोलतात उडवून, पण नेमक्या जागी बोट ठेवतात.

“परवा गुरुजी आले होते शाळाबाह्य मुलांची यादी करायला,” त्या पुढे सांगू लागल्या. “पोर ओट्यावर गणितं सोडवत बसलेली. गुरुजींनी विचारलं, शाळा का सोडली? ही म्हणते, सोडली नाही, घरी आणली. गुरुजी कागद उलटासुलटा बघतात, पण हिच्यासाठी रकानाच नाही! शेवटी ‘चौदा पूर्ण’ असं काहीतरी लिहून चहा पिऊन गेले.”

मी त्यांना मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट सांगितली. सातवीत असताना आईने तिला शाळेतून काढलं. पुढे तिने संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली, दोन रौप्य, एक कांस्य. बारावीचा कागद नव्हता म्हणून आयआयटीचं दार बंद, आणि २०१६ साली अमेरिकेतल्या एमआयटीने बोलावून घेतलं.

“आणि तिची माय काय करत होती?”

“नोकरी सोडून घरी राहिली तिच्यासाठी.”

“बघा!” आक्कांनी टाळीच दिली. “इथे मायने मजुरी सोडली तर संध्याकाळी चूल पेटेल का? हॉस्टेलात निदान दोन वेळचं ताट होतं.”

मग मी विनोबांचा दाखला काढला. दाखले त्यांनी चुलीत घातले आणि १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला म्हणून बडोद्याहून मुंबईला निघाले, ते सुरतेलाच उतरले आणि काशी गाठली. सुरत-भुसावळ लाइन आपल्या नंदुरबारवरूनच जाते, हे मी मुद्दाम जोडलं. कुठे तरी आपला जिल्हा यावा.

“ते विनोबा. आपली पोर काशीला निघाली तर अक्कलकुव्यालाच गाडीतून उतरवून घरी आणतील.”

यावर मी काय बोलणार?

पण आक्कांना त्या पोरीचं कौतुक आहे, हे लपत नव्हतं. आमचूर निघालं तसा त्यांचा आवाज बदलला. आक्कांचं किराणा दुकान, हंगामात आमचूरची खरेदीही तिथेच. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, उन्हात पसरायच्या. वैशाखात इथलं एकही छप्पर मोकळं नसतं. आणि दरवर्षी तोच वाद: व्यापारी म्हणतो माल ओला आहे, घट धरणार, विकणारी म्हणते खडखडीत वाळलाय.

“तर या पोरीने काय केलं, पाच किलो फोडी एका सुपात वेगळ्या काढल्या. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी सूप घेऊन माझ्या दुकानात हजर. आक्का, जरा काटा द्या. सुपाचं वजन आधीच वजा करून ठेवलेलं, वहीच्या पहिल्या पानावर. आकडा लिहिते, वेळ लिहिते, ऊन होतं की आभाळ तेही लिहिते. नंतर चौकटीच्या कागदावर ठिपके जोडून दाखवले मला. आधी रेघ धबाधबा खाली, मग हळूहळू, मग सपाट. सपाट झाली की वाळलं, म्हणते. आणखी एक, रात्री बाहेर राहिलेल्या फोडी हवेतला ओलावा घेतात, म्हणून सकाळचं वजन थोडं जास्त भरतं.”

“अहो, हे तर शास्त्राच्या तासालाही कोणी करून दाखवत नाही.”

“ऐका तर! आता तिची माय माल घेऊन सकाळी सकाळीच येते. माझ्याच काट्यावर शिकली आणि मलाच गंडवते!”

हसून आमच्या दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण हसू ओसरल्यावर मनात आलं, बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर फुकट उतरवता आली, तरी अडलेलं इंग्रजी विचारायचं कोणाला? घरात बोली पावरी, पुस्तकात मराठी, पुढे सगळं इंग्रजी. नर्मदाकाठी चिमलखेडीला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा निघाली, तेव्हा गावातलीच थोडी शिकलेली पोरं मास्तर झाली आणि मुलांच्या बोलीतूनच शिकवू लागली. पण तिथे एकाला दुसरा होता. ही एकटी.

आणि मला खरी भीती पुस्तकांची नाहीच. मुलगी घरात दिसली की घराला हात मोकळे सापडतात. पाणी आण, भावाला बघ, शेळ्या सोड. मुंबईत घरी शिकणाऱ्या पोराला अभ्यास सोडून हंडा उचल असं कोण सांगतं? शाळेचा एक गुण मानावाच लागेल, तिथे निदान हाक पोहोचत नाही.

हे मी बोलले तर आक्का म्हणाल्या, “तेही तिने बघितलंय. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावलंय: सकाळी सात ते अकरा हाक मारू नये. मायला वाचता येत नाही, तर शेजारी बंद तोंड काढलंय! मी स्वतः बघितलं, माय हंडा घेऊन एकटी गेली हापशीवर. बाप मात्र कुरकुरतो. पाऊस पडला, पेरणी आली, की त्या कागदाचं काय होतं बघू.”

“फॉर्म कोण भरणार तिचा?”

“तुम्ही. तुमच्या भावाला फोन लावा आजच. शाळा सोडल्याचा दाखला आधी काढून घ्यायला लावा, तोच मिळायला महिना जातो.”

म्हणजे कोपर टेकलं ते यासाठी! मी हो म्हटलं. तेवढ्यात आक्कांचा नातू शाळेतून दप्तर फरफटत आला, कुंपणाशी थबकला आणि सगळं ऐकल्यासारखा म्हणाला, “आजी, मी पण उद्यापासून घरीच शिकतो.”

“बारावं चालू आहे तुझं,” आक्का फिरल्या, “चौदा पुरे व्हायचेत अजून. आणि आधी तेराचा पाढा म्हण.”

तो तेर चोक बावन्नपर्यंत आला आणि विहिरीकडे पळाला.